रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, मग हाडं का दुखतात?

बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांच्या आईचं वय ५१. उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गर्भाशयाची पिशवी काढली. दोन वर्षांपासून कंबर, मांड्या आणि नडग्या दुखतात, खाली बसल्यावर उठायचं तर हात टेकावे लागतात. दीड वर्ष रोज कॅल्शियमची गोळी चालू आहे. रक्तातलं कॅल्शियम ९.१, म्हणजे नॉर्मल. मग दुखतंय काय, आणि एवढ्या गोळ्या जातात कुठं, हा त्यांचा मुख्य प्रश्न. सोबत आणखी दोन आहेत. वडिलांना मुतखडा होऊन गेला, बोअरचं पाणी जड आहे, तर घरातलं दूध बंद करावं का? आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खावा, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला खरा आहे का?

सर, सुरुवात त्या ९.१ पासूनच करतो, कारण सगळा घोळ तिथं आहे. हा आकडा तुमच्या आईंच्या हाडांबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी यंत्रणा अजून शाबूत आहे, एवढंच त्यातून कळतं. ती कुणाच्या जिवावर चालली आहे, ते त्यात दिसत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक ते सव्वा किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मिळून जेमतेम एक ग्रॅम. पण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, जखमेवर रक्त गोठणं हे सगळं त्या एका ग्रॅमवर अवलंबून आहे. म्हणून शरीर रक्तातली पातळी दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आत धरून ठेवतं आणि त्यासाठी हाडांतून हवं तेवढं उपसतं. घरात रोज भाकरी होते म्हणून कणगी भरलेली आहे असं कुणी धरून चालत नाही. रक्ताचा रिपोर्ट रोजची भाकरी दाखवतो, कणगीत किती उरलं ते दाखवत नाही.

ही पातळी कोण राखतं? गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. एकेक तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. स्वीडनमधल्या उप्साला इथं ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्यानं १८८० मध्ये माणसाच्या गळ्यातल्या या ग्रंथींचं वर्णन केलं, पण त्या करतात काय हे कळायला पुढची बरीच वर्षं गेली. या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे संवेदक असतात. रक्तातलं मोकळं कॅल्शियम किंचित घसरलं की त्या काही सेकंदांत पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात, रिपोर्टवर ज्याला पीटीएच लिहितात ते.

पीटीएच तीन कामं करतं. हाडातून कॅल्शियम सोडवून रक्तात आणतं. मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम राखून ठेव आणि फॉस्फरस बाहेर टाक. मूत्रपिंडातून दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम गाळलं जातं आणि त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त परत घेतलं जातं, यावरून त्या कामाचा पसारा लक्षात येईल. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. मूत्रपिंडातच ते व्हिटॅमिन डीचं रूपांतर त्याच्या खऱ्या कामाच्या रूपात करायला लावतं आणि ते रूप आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएच आपोआप उतरतं.

आता तुमच्या आईंसारख्या बाईच्या शरीरात काय होतं ते बघा. आतड्यातून कॅल्शियम पुरेसं येत नाही, पीटीएच चढतं, हाडातून उपसा सुरू होतो आणि रक्तातला आकडा ९.१ वर टिकून राहतो. वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून अंगदुखीला नुसतं ‘सीरम कॅल्शियम’ करून परत पाठवणं मला पटत नाही. आपल्याकडच्या कष्टकरी बायांमध्ये या एका आकड्यामुळे खरं दुखणं फार उशिरा हाती लागतं.

गोळ्या कुठं जातात? बऱ्याचशा शौचावाटे बाहेर. खाल्लेलं कॅल्शियम सगळं कधीच अंगी लागत नाही. निरोगी प्रौढ माणूस साधारण २५ ते ३५ टक्के शोषतो. गरोदरपणात हे प्रमाण जवळपास दुप्पट होतं, उतारवयात घटतं. शोषण दोन वाटांनी होतं. एक वाट लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातली. तिथल्या पेशी कॅल्शियम आत घेतात, कॅलबिंडिन नावाचं प्रथिन ते पेशीतून पलीकडे नेतं आणि तिथून ऊर्जा खर्चून ते रक्तात ढकललं जातं. या वाटेवरची जवळजवळ सगळी सामग्री व्हिटॅमिन डीच्या हुकमावर तयार होते. दुसरी वाट लहान आतड्याच्याच पुढच्या लांब भागात, पेशींच्या फटींमधून. तिथं फारसं नियंत्रण नसतं, आतड्यात कॅल्शियम जास्त असेल तरच थोडं झिरपतं. डी अगदी खालावलं की पहिली वाट जवळपास बंद पडते आणि एकूण शोषण दहा ते पंधरा टक्क्यांवर येतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतून अंगी लागणार ५० ते ७५.

त्या गोळीच्या पाकिटावर व्हिटॅमिन डी लिहिलेलं असेलच. नीट वाचा, बहुतेक गोळ्यांत ते २५० एककं असतं. रिकामी झालेली पातळी तेवढ्यानं भरत नाही. आणि त्या रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची कॅप्सूल घेत असतील तर आणखी एक अडचण आहे. आपल्याकडच्या बहुतेक गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात आणि त्यांना विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची कॅप्सूल ते आम्लच थांबवते. म्हणून कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. ॲसिडिटीचं औषध खरंच बंद करता येत नसेल तर सिट्रेटची गोळी चालते, तिला जेवणाची गरज नाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम घेण्यात अर्थ नाही, कारण मात्रा वाढते तसं शोषणाचं प्रमाण घटतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं तरी अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तास.

उन्हाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘आमच्या आईला कसलं व्हिटॅमिन डी कमी, आयुष्य उन्हात गेलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते सोडून पुढं जाता येत नाही. डी तयार होतं उघड्या कातडीवर, उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका ठरावीक पट्ट्यामुळे. फडात तोडणीला उतरलेली बाई डोळ्यांसमोर आणा. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ. पाचटानं अंग कापू नये म्हणून ते लागतंच. उघडं काय राहतं? डोळे आणि बोटं. सावळ्या कातडीला तेवढंच डी तयार करायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, हा भाग वेगळाच. आणि तोडणी सोडून घरी राहिलेली बाई तर सकाळ-संध्याकाळच बाहेर पडते.

‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो, पण कोवळ्या उन्हात तो कामाचा पट्टा फार थोडा असतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडायला लागली की ऊन कामाचं झालं असं समजा. आपल्याकडे ते साधारण दहाच्या पुढं. हात, पाय, पाठ शक्य तेवढी उघडी ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. एप्रिल-मेमध्ये मात्र दहा-साडेदहालाच उरकून घ्यायचं, लातूर-परभणीच्या दुपारी कुणालाही उन्हात बसवू नका. आणि आईंची पातळी खूप खाली गेली असेल तर नुसत्या उन्हावर विसंबू नका, औषध लागेल.

आता पिशवीच्या ऑपरेशनकडे येतो. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती ती आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. ऊसतोड बायांच्या या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कित्येकजणी ऐन तिशी-चाळिशीत होत्या. खाडा झाला की मुकादमाचा दंड, पाळीच्या चार दिवसांतही सुट्टी नाही, आणि अंगावरून जातंय म्हटलं की ‘पिशवी काढून टाका’. या निर्णयाचं ओझं पुढं हाडांनी वाहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

गर्भाशय काढल्यानं हाडांवर थेट परिणाम होत नाही. प्रश्न अंडाशयांचा आहे. ती सोबत काढली असतील तर त्यांच्यात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम कोसळतं. इस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं, आतड्यातलं शोषण आणि मूत्रपिंडातली राखण या दोन्हींना हात देतं. ते गेलं की तेवढ्याच पीटीएचला हाड जास्त बळी पडतं. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडांची घनता दरवर्षी दोन टक्क्यांच्या आसपास घटू शकते. इतर बायांमध्ये हा काळ सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला येतो, तुमच्या आईंचा चौतिसाव्या वर्षीच सुरू झाला असेल. हाड भरण्याचा काळ तिशीपर्यंतचा, म्हणजे कणगी भरून झाल्या झाल्या उपसायला लागली. अंडाशय ठेवली असतील तरी अशा ऑपरेशननंतर ती काही वर्षं लवकर थकतात. म्हणून त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधा. ट्रंकेत, पत्र्याच्या पेटीत, कुठंतरी असेल. पिशवीबरोबर अंडाशय काढली की नाहीत, हे कळल्याशिवाय पुढचे उपचार अर्धवट राहतील.

खाण्याचं गणित साधं आणि कडू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात असतं तीसपेक्षा कमी. तीन मोठ्या भाकरींत मिळून सत्तरच्या आसपास. वरण, पिठलं, भाजी धरून आणखी शंभर-दीडशे. चहातलं दूध धरलं तरी दिवसाची बेरीज साडेतीनशेच्या पुढं जात नाही. आणि गोठ्यात म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. दुधात १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि त्याचं शोषणही चांगलं होतं. एक वाटी दही आणि पेलाभर दूध घरच्या बाईच्या ताटात रोज आलं, तर कुठल्याही महागड्या पावडरीची गरज पडत नाही. डेअरीला घालण्याआधी अर्धा लिटर घरात ठेवा, हे मी घरातल्या पुरुषांना मुद्दाम समोर बसवून सांगतो.

दुधाशिवाय आपल्याकडे काय आहे? नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात कॅल्शियम आहे, पण ती आपल्या भागात कमी खातात. हुलग्यात अडीचशेच्या पुढं. हुलग्याचं माडगं पावसाळ्यात एकदा करून सोडून देऊ नका, आठवड्याला करा. कारळाची आणि जवसाची चटणी चांगली. तिळाबद्दल मात्र थोडं सावध सांगतो. सालासकट तिळात १०० ग्रॅमला १२०० च्या वर कॅल्शियम असतं, पण ते बरंचसं सालात ऑक्झलेट नावाच्या घटकाला बांधलेलं असतं. कागदावरचा आकडा पूर्ण अंगी लागत नाही. पालक, चाकवत, घोळ यांचंही तेच. पालकातलं कॅल्शियम शेकडा पाचच्या आसपास शोषलं जातं. या भाज्या खाव्यातच, पण कॅल्शियमच्या हिशोबात धरू नयेत. धान्या-डाळींमधलं फायटेट हा दुसरा अडसर. मोड आणले किंवा आंबवलं की ते कमी होतं. येळवसेला रानात नेतो ती आंबील या दृष्टीनं उत्तम, ताक आणि आंबवलेलं ज्वारीचं पीठ एकत्र. ती सणापुरती ठेवण्याचं काही कारण नाही. ठेचा-खर्ड्यातलं मीठ तेवढं आवरा. मीठ जास्त झालं की मूत्रपिंड सोडियम टाकताना कॅल्शियमही सोबत टाकतं.

वडिलांच्या मुतखड्यासाठी दूध बंद करू नका, त्यानं उलटा परिणाम होईल. आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. दूध-दही बंद केलं की मोकळं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. इटलीत खडे वारंवार होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग झाला, तो २००२ मध्ये छापून आला. कॅल्शियम तोडलेल्या गटात खडे पुन्हा जास्त झाले. नेहमीएवढं कॅल्शियम, कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्या गटात ते जवळपास निम्मे होते. मराठवाड्यात खड्यांचं मोठं कारण म्हणजे रानात दिवसभर घाम आणि दोन तांबे पाणी. लघवी पाण्यासारखी फिकट होईल इतकं पाणी प्यायला सांगा.

बोअरच्या जड पाण्यालाही उगाच नावं ठेवतात. लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं तीन लिटर पाणी प्यालं तर सव्वादोनशे मिलिग्रॅम फुकट मिळतात आणि ते दुधातल्यासारखंच शोषलं जातं. जारच्या पाण्यात, म्हणजे आरओच्या, हे जवळपास सगळं काढून टाकलेलं असतं. पण बोअर प्यायचं तर फ्लोराइड तपासल्याशिवाय नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे या फ्लोराइडनं पाठीचे कणे ताठ झालेली, पाय वाकलेली माणसं आहेत, आणि खोल बोअरमध्ये ते इतरत्रही सापडतं. ताटात कॅल्शियम कमी असेल तर तेवढंच फ्लोराइड हाडांना जास्त नडतं. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दीडच्या वर गेलं तर ते पाणी पिण्याचं नाही. उकळून ते जात नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटली देऊन तपासून घ्या. आईंच्या दुखण्याचं तेही एक कारण असू शकतं.

चुना खाऊ नका. त्यात कॅल्शियम आहे हे खरं, पण तो दाहक आहे, त्याची मात्रा ठरलेली नाही, पानपट्टीवरच्या डबीत आणखी काय आहे ते कुणी तपासत नाही. अल्कली आणि कॅल्शियम मिळून जास्त गेलं तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडतात. पानासोबत भरपूर चुना खाणाऱ्यांमध्ये हे झालेलं वैद्यकीय नोंदींत आहे. आणि डी नसेल तर चुन्यातलं कॅल्शियमही आतड्यातून फारसं जाणार नाही.

आता करायचं काय. आईंच्या तपासण्या एकदाच नीट करून घ्या: व्हिटॅमिन डी, पीटीएच, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन, क्रिएटिनीन, मॅग्नेशियम. अल्ब्युमिन अशासाठी, की रक्तातलं चाळीस टक्के कॅल्शियम प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि अशक्त माणसात एकूण आकडा त्यामुळे फसवतो. मॅग्नेशियम फार कमी असेल तर पीटीएचच नीट सुटत नाही, ॲसिडिटीची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे दिसतं. उठताना हात टेकणं, नडगीचं हाड दाबल्यावर दुखणं, यावरून माझा संशय हाड मऊ होण्याच्या आजारावर आहे, ऑस्टिओमलेशिया. तसं असेल तर फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच वाढलेलं, डी तळाला, असं चित्र येईल. हाड ठिसूळ होण्याचा आजार, ऑस्टिओपोरोसिस, वेगळा. तो दुखत नाही, हाड मोडल्यावरच कळतो. त्यांच्या इतिहासावरून दोन्ही एकत्र असण्याची शक्यता आहे, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही लागेल, पण डी भरून निघाल्यावर. मऊ हाडाची घनता मशीनवर कमीच दिसते.

उपचाराचा क्रम चुकवू नका. आधी डी: साधारणपणे ६० हजार एककांची मात्रा आठवड्याला एक अशी आठ आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर, मग महिन्याला एक. सोबत जेवणात कॅल्शियमची गोळी. मात्रा तुमचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. सहा लाखांचं इंजेक्शन दर महिना-दोन महिन्यांनी घेणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत, ते करू नका. डी चरबीत साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, मूत्रपिंडाला इजा असं सुरू होतं. आणि हाड ठिसूळ झाल्याचं इंजेक्शन डी भरण्याआधी कुणी सुचवलं तर थांबा. ते हाडातला उपसा एकदम बंद करतं, आतड्यातून पुरवठा नसतो, आणि मग रक्तातलं कॅल्शियम खरोखर कोसळतं. हातापायांना मुंग्या, बोटं आखडणं, झटकेसुद्धा येऊ शकतात.

दुखणं काही आठवड्यांत हलकं व्हायला लागेल, हाड भरायला मात्र बरेच महिने जातील. तीन महिन्यांनी डी, पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज पुन्हा करा. एकट्या कॅल्शियमच्या आकड्यावरून बरं-वाईट ठरवू नका. दरम्यान जांघेत किंवा मांडीच्या वरच्या भागात एकाच जागी सतत दुखत असेल, चालताना डुलत चालत असतील, तर आठवडाभरही थांबू नका, आधी कंबर आणि मांडीचा एक्स-रे काढा. मऊ हाडात तिथं बारीक तडा गेलेला असतो आणि त्या अवस्थेत डोक्यावर पाण्याचा हंडासुद्धा घेऊ द्यायचा नाही.